डाव्या हातावरचा भाऊ

९ जानेवारी

ही वही लॅबमध्येच राहील, माझ्या खणात, मेणाच्या डब्यांखाली. घरी मला माझं कपाट आहे, पण ते रोज आई आवरते.

आज ठरवलं की हातावरचा टॅटू दुरुस्त करून घ्यायचा. निमित्त झालं पेटीवाल्याचं. तो दातांच्या दवाखान्यांतून साचे आणतो आणि तयार दात परत नेतो. मी बाह्या वर करून प्लास्टरचं भांडं धूत होते. तो म्हणाला, "मॅडम, हे मिस्टर का?" मी म्हटलं, "भाऊ." त्याने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "वयाने बरेच मोठे दिसतात."

बारक्या चोवीस वर्षांचा होता. माझ्याहून सात वर्षांनी लहान. या महिन्यात त्याला जाऊन दोन वर्षं होतील.

मी दात बनवते. आधी मेणात घडवायचा, मग पोर्सेलिनमध्ये. शेजारच्या खऱ्या दाताशी जुळला पाहिजे. रंगाची एक छटा चुकली तरी माणूस जन्मभर तोंडावर हात धरून हसतो. बारा वर्षं मी हे काम करते आहे, आणि माझ्याच हातावर मनगटापासून चार बोटं वर जो चेहरा आहे त्याचा एक डोळा खाली, हनुवटी रुंद, आणि दाढी डांबर सांडल्यासारखी. माझ्या टेबलावर असलं काम आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

तो गेल्यावर चार महिन्यांनी आईने हट्ट धरला होता. तिला स्वतःच्या हातावर काढायचा होता, पण तिची साखर कधी ताब्यात नसते, डॉक्टर नको म्हणाले. मी म्हटलं, मग माझ्या हातावर काढते. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

१२ जानेवारी

आईला सांगितलं. "दुरुस्त" एवढाच शब्द वापरला. तिने संध्याकाळी सात वाजता नेहमीसारखी माझी बाही वर सारली, तळहातावर मलम घेतलं आणि हाताला चोळत त्याच्याशी बोलायला लागली. "काय रे, नीटनेटका होणार आहेस म्हणे?" मग मला म्हणाली, "दाढी काढून टाकायला सांग. त्याला दाढी शोभत नव्हती. आणि हसरा कर. जरा मोठाही करून घे, हल्ली मला बारीक दिसत नाही."

मी म्हटलं, "विचारते."

हे रोजचं आहे. सातला मी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते, ती माझ्या शेजारी. पंधरा-वीस मिनिटं. दिवसभरात काय झालं ते त्याला सांगते: गॅस कधी संपला, पाण्याच्या टाकीवर कोण चढलं, बाबा काय म्हणाले नाहीत. शेवटी नुसते ओठ हलतात, ते मला ऐकू येत नाही. मी टीव्ही बघते. तिला बरं वाटतं आणि माझं काही जात नाही.

बाबा त्या वेळी बाल्कनीत असतात. जेवतानाही त्यांनी खुर्ची बदलली आहे. पूर्वी माझ्या शेजारी बसायचे, आता समोरच्या कोपऱ्यात, ताटाकडे बघत. ते माझ्यावर रागावलेले आहेत हे मला माहीत आहे आणि कशामुळे तेही. त्या दिवशी घरात मी होते.

२८ जानेवारी

ज्याने टॅटू काढला त्याच्याकडेच आधी गेले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली आहे. बारक्याचा मित्र होता तो, तेव्हा नुकताच शिकलेला. एका बैठकीत, साडेतीन तासांत त्याने चेहरा उरकला होता आणि मध्ये दोनदा रडला होता. तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं होतं. डोळे पुसत काम करणाऱ्याकडून सुई चालवून घेऊ नये हे आता कळतं.

त्याने हात बघितला आणि ओशाळला. "तायडे, तेव्हा मला येत नव्हतं गं." मला तायडे फक्त बारक्या म्हणायचा. या पोराने तो शब्द उचलला तेव्हा मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. म्हणाला, फुकट दुरुस्त करून देतो. मी चहा घेतला आणि काढता पाय घेतला.

११ फेब्रुवारी

दुसरा. भिंतभर प्रशस्तिपत्रकं, काळे हातमोजे, बोलायला एकदम सराईत. त्याने हात नीट धरलाही नाही. लांबूनच म्हणाला, "यावर काळा चित्ता टाकू. काही दिसणार नाही." फोनवर त्याने तीस-चाळीस चित्ते दाखवले. सगळे लाल, ताजे, सुई उचलल्या उचलल्या काढलेले फोटो. मी विचारलं, वर्षभरानंतरचे आहेत का? तो म्हणाला, गिऱ्हाईक परत येत नाही, खूश असतं.

दाताचंही तसंच असतं. बसवल्या दिवशी सगळेच छान दिसतात.

त्याला सांगावंसं वाटलं की मला झाकायचं नाहीये, दुरुस्त करायचंय. सांगितलं नाही. घरी येताना बसमध्ये बराच वेळ त्या चित्त्याचाच विचार करत होते. काही दिसणार नाही, म्हणाला होता तो.

२ मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या शहरात त्यांच्या मित्राची मोठी लॅब आहे, आमच्या चौपट. तिथल्या पोर्सेलिन विभागाला प्रमुख हवी आहे. त्यांनी माझं नाव सुचवलंय. महिनाअखेर कळवायचं. म्हणाले, "इथे तुझं सगळं शिकून झालंय. तुला ठेवून घेणं माझ्या सोयीचं आहे, म्हणूनच सांगतोय, जा."

संध्याकाळी सातला आईला सांगितलं. ती मलम लावायची थांबली. "जा की," म्हणाली. "चांगलं आहे." मग थोड्या वेळाने, "पण शनिवार-रविवार येशील ना? नाहीतर मी याला बघणार कधी?"

मी म्हटलं, सात तासांचा प्रवास आहे, दर आठवड्याला नाही जमणार.

"महिन्यातून दोनदा?"

तिचं बोट त्याच्या कपाळावरून फिरत होतं. मी म्हटलं, बघते.

६ मार्च

तिसरी. ही बाई आहे, पन्नाशीची असेल, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायची. जागा साधी आहे: एक खुर्ची, एक दिवा, हात धुवायचं बेसिन, आणि सुया उकळायचं मशीन आमच्या लॅबमधल्यासारखंच. मी विचारायच्या आतच तिने दोन, चार, सात वर्षांपूर्वीच्या कामांचे फोटो समोर ठेवले. रेषा थोड्या जाड झालेल्या, पण पान पानच दिसत होतं आणि पक्षी पक्षीच.

तिने माझा हात दिव्याखाली धरून डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. व्रण उठलेत का ते असं कळतं म्हणाली. मग स्पष्टच बोलली.

"चेहरा दुरुस्त होत नाही. डोळा वर सरकवता येत नाही. शाई घालता येते, काढता येत नाही. याच्यावर परत चेहरा काढला तर हाही बिघडेल. झाकता येईल. त्याआधी लेझरने दोनदा फिका करावा लागेल, मधे दोन-दोन महिने थांबायचं. आणि जे काढू ते याच्या दुप्पट मोठं असेल."

मी म्हटलं, "झाकायचा नाहीये."

"बरं."

"आईला काय सांगू?"

ती हसली नाही. म्हणाली, "आईला काय सांगायचं ते मला नाही सांगता येणार. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

मी समोरचे फोटो परत चाळायला लागले. एकतीस... नाही, तेहतीस वर्षांची बाई, आणि आईला विचारून सांगते म्हणणार होते. तिने मला कामच दिलं: दहा गोष्टी लिहून आणा ज्यांच्याकडे बघायला तुम्हाला आवडतं. का आवडतं ते लिहायचं नाही.

९ मार्च

लिहिल्या. पतंग, निळी सायकल, धरणाची भिंत, डोंगरावरचा मनोरा, कुत्र्याची पिल्लं, फुटबॉलचं मैदान, ढग, गिटार, रेल्वेचा पूल, वडाच्या पारंब्या.

आत्ता जेवणाच्या सुट्टीत परत वाचलं. ढग सोडले तर सगळं बारक्याचं आहे. गिटार तर मला सहनही होत नव्हती.

३१ मार्च

मालकांना नाही कळवलं, म्हणजे "नाही" असं कळवलं. घरी अडचण आहे म्हटलं. ते म्हणाले, "आईची तब्येत?" मी हो म्हटलं. माझ्याऐवजी चिमटी जाणार आहे. आमच्याकडची सगळ्यात बारीक पोरगी, म्हणून चिमटी. तीन वर्षांपूर्वी मीच तिला मेण वितळवायला शिकवलं. ती येऊन गळ्यात पडली. "ताई, तुम्ही का नाही जात?" मी म्हटलं, मला इथलं पाणी मानवतं.

हसलो दोघी. मग मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि बराच वेळ सांडपाण्याच्या पाइपजवळ उभी राहिले.

२ एप्रिल

पाइपजवळ भिंतीच्या भेगेतून एक झाड उगवलंय. झाड नव्हे, नुसती पानं, कंगव्यासारखी कातरलेली. प्लास्टरचं पाणी ओतायला गेलं की मी उरलेलं साधं पाणी त्याला घालते. चार-पाच वर्षं घालते आहे, आणि यादी करताना हे कसं आठवलं नाही? नवीन पान आधी गोगलगायीसारखं गुंडाळलेलं येतं आणि आठवडाभर उलगडत राहतं. फोटो काढून त्या टॅटूवाल्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "नेचा. फर्न म्हणतात ते. उत्तम. याची बारीक बारीक पाती केसांवर आणि दाढीवर बरोबर बसतील."

म्हणजे कामाच्या दृष्टीने सोयीचा आहे. बाकी काही नाही.

१० एप्रिल

झाकायचंच ठरवलं, आणि आज पहिलं लेझर करून आले. तापल्या तव्यावरचं तेल उडावं तसं वाटतं. हातावरच्या चेहऱ्यावर पांढरे फोड येऊन तो क्षणभर हिमात पुरल्यासारखा दिसला. मग पट्टी.

घरी सांगितलं, लॅबमध्ये ज्योतीवर हात भाजला. आई धावत आली. पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "त्याला लागलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही, बाजूला लागलंय."

ती पट्टीवर फुंकर घालत बसली.

२६ एप्रिल

पट्टी बदलायला बाल्कनीत गेले, आई भाजीला गेली होती म्हणून. बाबा तिथेच होते हे लक्षात आलं नाही. बाबा आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत होते, सरळ रेषेशिवाय त्यांना काही दिसत नाही असं आम्ही चिडवायचो. त्यांनी हाताकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"पुसतेयस?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय त्यांच्याशी लागलेली नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. मी पट्टी गुंडाळायला लागले तेव्हा पुढे म्हणाले, "मला तो माणूस बघवत नाही. आपल्या घरात रोज एक परका माणूस जेवायला बसतो. डोळ्यांतलं अंतर चुकलंय, कान वर गेलेत. एकदा तू झोपली होतीस तेव्हा मी फोटो घेऊन ताडून बघितलं."

"म्हणून तुम्ही खुर्ची बदललीत?"

"मग कशाने?"

मला रडू आलं, पण ते अशा वेळी माणसाकडे बघत नाहीत, समोरच्या इमारतीकडे बघतात. मी विचारलं, आईला सांगाल का? ते म्हणाले, "तू सांग. माझं ती ऐकत नाही." आणि पेपर उचलला. दोन वर्षं मी त्यांच्या रागाला घाबरून चोरासारखी जेवले. ते त्यांना माहीतही नव्हतं.

५ मे

एक गोष्ट इथे लिहायची राहिली आहे. राहिली म्हणजे टाळली.

तो रविवार होता, सकाळचे साडेआठ. बारक्या त्याच्या खोलीत व्यायाम करत होता. मधे फक्त भिंत. मी अंथरुणात फोन बघत पडले होते. धप्पकन आवाज आला. त्याने वजन टाकलं असं वाटलं, नेहमी टाकायचा. मी भिंतीवर बुक्की मारली आणि ओरडले, "हळू रे." पलीकडून काही उत्तर आलं नाही आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं ऐकलं. वीस-पंचवीस मिनिटांनी आई चहा घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक थांबलं, लगेच कळलं असतं तरी बहुतेक काही करता आलं नसतं. "बहुतेक" म्हणाले. तो शब्द माझ्याशिवाय कुणी ऐकला नाही असं मला वाटतं.

बुक्की डाव्याच हाताने मारली होती. त्याचा टॅटूशी काही संबंध नाही. डाव्या हातावर काढला, कारण मी उजव्या हाताने काम करते.

१४ जून

दुसरं लेझर परवा झालं. पहिल्याने थोडाच फिका झाला होता, आईच्या नजरेला ते कळलं नव्हतं. या वेळी भाजण्याची गोष्ट चालणार नव्हती, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घातला आणि आईला म्हटलं, मला सर्दी झाली आहे, जवळ येऊ नकोस. पहिला दिवस निभावला. काल सातला ती आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप नाही. दे हात."

मी नको नको म्हणेपर्यंत बाही वर गेली होती, पट्टी सुटली होती. तिने वाकून बघितलं. दिवा लावला, परत बघितलं.

"तो पुसट होतोय."

"आई..."

"हा पुसट का होतोय? तू म्हणाली होतीस, दुरुस्त करणार."

मी सांगितलं. नीट नाही, तुकड्यातुकड्यांत. चेहरा सुधारत नाही, झाकायचा आहे, पान काढणार आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तू त्याला परत..." आणि थांबली.

परत. मला वाटलं, हिला माहीत आहे. भिंतीचं, बुक्कीचं, सगळं. एवढी दोन वर्षं ती हे जाणून माझ्या शेजारी बसते आहे. मग मी बोलून टाकलं. "आई, मी आवाज ऐकला होता. तो पडल्याचा. मी उठले नाही. मी त्याला ओरडले."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलत होते.

"तूही?" ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की तिलाही ऐकू आला होता. ती ओट्याशी होती. तिला वाटलं, माझ्या खोलीत स्टूल पडलं. "मी तुझ्यावर चिडले मनात," ती म्हणाली. "एवढी घोडी झाली तरी धांदरट. आणि मी चहा उकळत ठेवला. त्याला उकळलेला लागायचा. मी चांगला उकळू दिला." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि पहिल्यांदाच ती चोळत नव्हती, नुसता धरला होता. "मी रोज त्याला तेच सांगते. शेवटी."

बाबा बाल्कनीच्या दारात येऊन उभे होते. कधी आले कळलं नाही. ते आत आले नाहीत आणि परतही गेले नाहीत.

१५ जून

काल लिहून झाल्यावर वाटलं होतं, आता सगळं सुटलं. आज सकाळी आई बोलत नाही. डबा भरून दिला. डब्याला फडकं नेहमीसारखं घट्ट बांधलेलं. निघताना म्हणाली, "थोडा ठेवता नाही येणार? नुसते डोळे?"

२३ जून

बाईंना विचारलं. डोळे ठेवता येतील का. त्यांनी हात दिव्याखाली घेतला. मग म्हणाल्या, "येतील. पानांतून डोळे बघतायत असं दिसेल. तुम्ही हात धुताना, जेवताना, काम करताना. जन्मभर." मग म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते मी काढेन. पण आज उत्तर देऊ नका. तसाही हात बरा व्हायला दोन महिने आहेत."

कागदावर त्यांनी दोन्ही काढून दिलं. एक डोळ्यांसह, एक शिवाय. दोन्ही सुरेख आहेत, हीच पंचाईत. वाईट असतं एखादं तर सोपं गेलं असतं.

१८ जुलै

दोन्ही कागद रोज जेवणाच्या सुट्टीत काढून बघते. सातला आई अजून येते, पण मलम लावत नाही. हाताकडे बघून उठते. फिका झालेला चेहरा आता कुणाचाच दिसत नाही, ना बारक्याचा, ना त्या पोक्त माणसाचा. ती काल म्हणाली, "त्याचा खरा फोटो बघितला आज. नाक किती वेगळं होतं गं. मी विसरले होते." असं म्हणाली जणू माझ्याकडून काही हरवलं होतं आणि ते तिला सापडलं.

चिमटीचा फोन आला. तिथे तिच्या टेबलासमोर खिडकी आहे म्हणे. आनंद झाला. खरंच झाला. फोन ठेवल्यावर मी तीन दातांचा रंग चुकवला.

१६ ऑगस्ट

आईला दोन्ही कागद दाखवले. डोळ्यांचा तिने आधी उचलला. बघितला, खाली ठेवला, परत उचलला. बाबा समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मला खात्री होती की ती तोच म्हणेल, आणि ती म्हणाली तर मी तोच काढून घेईन, हेही मला माहीत होतं. मी विरोध करणार नव्हते. हे लिहायला लाज वाटते.

ती म्हणाली, "हे डोळे कुणाचे आहेत?"

"बाईंनी काढलेत. टॅटूवरून."

"म्हणजे त्याचे नाहीत."

"नाहीत."

तिने तो कागद बाबांच्या पुढ्यात सरकवला, जणू त्यांनी काही मागितलं होतं. दुसऱ्या कागदाबद्दल ती काही बोलली नाही. हो म्हणाली नाही. मी तेवढ्यालाच हो धरलं.

२९ ऑगस्ट

बाईंकडे काल सकाळी दहापासून चारपर्यंत. मनगटापासून कोपरापर्यंत नेचा. टोकाला एक न उलगडलेलं पान. त्यांनी आधी बाह्यरेषा घेतल्या, मग थांबून मला खायला लावलं, मग गडद भाग. दाढीवर चार पाती आली, केसांवर सहा. मी मोजत होते. कपाळ गेलं तेव्हा मी तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, "थांबू का?" मी म्हटलं, नको.

आरशात बघितलं. मला आवडलं. पूर्ण नाही, एक पातं जरा जाड वाटतंय, पण आवडलं. बसमध्ये सारखा हात उचलून बघत होते. शेजारची बाई सरकून बसली.

सातला आई आली. पारदर्शक पट्टीखालून शाई आणि पाणी झिरपत होतं. तिने हात लावला नाही.

"खाली आहे का तो?"

"आहे. शाई जात नाही, झाकली जाते."

तिने मान हलवली. मग आम्ही तशाच बसलो. तिला हातांचं काय करावं कळेना. मांडीवर ठेवले, पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं. मी टीव्ही लावला नाही. ती म्हणाली, "मग आता सात वाजता मी काय करू?" मी उद्याही सात वाजता तिथेच बसणार आहे, परवाही, हे दोघींनाही माहीत होतं.

मग ती वळली आणि तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, नवीन भाडेकरूकडे बघावं तसं.

"चष्मा कधी लागला तुला?"

दीड वर्ष झालं.

"एवढ्यातच," मी म्हटलं.